चेनीतला खोटा दात

दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीपुढे रांग होती. पोस्टातल्या बाई चार घड्या घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी मुठीत दाबून उभ्या होत्या. त्यांच्या पुढे बॅगा शिवणारं एक जोडपं होतं.

“अगं, याही वेळी रिपोर्टमध्ये सापडला नाही! एचआयव्ही गायब!”

“हळू बोला.”

“का म्हणून? वर्षभर हळूच बोललोय. आता गोळ्या बंद!”

“बंद? डॉक्टर समजावत होते, तेव्हा तुम्ही त्यांच्या बॅगेची शिवण बघत बसलात ना?”

“उसवली होती गं.”

“ऐका आता. तो विषाणू पेशीत शिरून स्वतःची नक्कल बनवतो. एकेक दात जोडत, आपल्या बॅगेच्या चेनसारखी.”

“बरं.”

“गोळी त्यात खोटा दात घुसवते. त्याला पुढचा दात अडकतच नाही.”

“म्हणजे चेन तिथंच ठप्प! वा रे पठ्ठे!”

“पण काही विषाणू लपून बसलेत. गोळी थांबली की ते पुन्हा कामाला लागणार.”

“मग रोज घेतो! आणि तुला काही...?”

“विचारलंय मी. गोळी चुकली नाही आणि रिपोर्ट असेच येत राहिले, तर तो विषाणू माझ्यापर्यंत येत नाही.”

“मग रात्री आपल्या दोघांमध्ये ठेवतो ती लांबडी उशी?”

“सकाळीच उसवली. कापूस उन्हात घातलाय.”

नवरा इतक्या मोठ्यानं हसला की सगळी रांग वळून बघू लागली. पोस्टातल्या बाईंनी चिठ्ठीच्या घड्या उलगडल्या आणि त्याच्या बायकोला विचारलं,

“अहो ताई, हर्पिसच्या गोळीतही असाच खोटा दात असतो का हो?”

“असतो, असतो!” खिडकीतूनच उत्तर आलं. “आणा ती चिठ्ठी इकडे.”