न बोलावता बसलेली मेंढरं

“दारात न मागता आलेलं काही दिसलं, तर आधी चार घरं विचार, मग उंबरा ओलांडू दे.” मंडळी, हे माझ्या सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं. मी हसले. मांडीवर तीन आठवड्यांचं लेकरू, डोळ्यांवर झोप. कोण जातं चार घरं विचारायला?

आणि दुसऱ्याच दिवशी दारात डबा. वर चिठ्ठी – ‘बाळंतिणीसाठी’. आत डिंकाचे लाडू. म्हटलं, मीच की बाळंतीण! खाल्ले. रोज एक, दुधाबरोबर. आठव्या दिवशी कळलं की आमच्या इमारतीत बाळंतिणी दोन. वरच्या मजल्यावरच्या नूतनला तिच्या आईने गावाहून धाडलेले ते लाडू. आई अंथरुणाला खिळलेली, यायला जमेना, म्हणून लाडू धाडले. आणि आठ दिवस नूतन वाट बघत होती, आई विसरली म्हणून रडत होती.

मी चोरले नव्हते. मागितलेही नव्हते. माझ्या बाजूने मी अगदी स्वच्छ. सासूबाईंनी एकच विचारलं, “खाल्लेलं परत कसं करशील गं?” एवढी शिकलेली मी, तिथंच अडले.

तर आजचा प्रश्न हा आहे. आपण मागितलं नाही, देणारा चुकला, आणि जे आलं ते आता परत करताच येत नाही – तर आपण सुटलो का? टाळकरी माना हलवतायत. होकाराच्या की नकाराच्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ऐका.

माणदेशाच्या अंगाला निमसरवाडी नावाचं गाव. गावाला लागून ओढा. ओढ्याच्या गावाकडच्या काठावर आनंदाची पट्टी, पलीकडच्या काठावर केरबाची पट्टी. दोन्ही सारख्या लांबीच्या, दोन्हींच्या बांधावर बाभळ. ओढा नसता तर भाऊच म्हणावं.

चैत्र सरत आला होता. रानं मोकळी. पलीकडे गायरानात धनगरांचा तळ पडला – म्हातारा म्हाकूबा, त्याचा मुलगा बिरू, सून ठकू आणि शे-दीडशे मेंढरं. ठकू दिवस भरलेली होती. आज होईल की उद्या, अशी.

आता मेंढरं रानात बसवायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. शहरातून आलेली चार पोरं मागे बसलीत, त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी जाळीचं कुंपण, त्याला वाघर म्हणतात, ते रानात उभं करायचं आणि कळप आत बसवायचा. सकाळपर्यंत लेंडी आणि मूत मातीत मुरतं. दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकवायची. चार-पाच रातींत सगळी पट्टी खतावते. गाडीभर शेणखताने होत नाही ते काम होतं. रानवाला त्या बदल्यात धान्य देतो. कागद नाही, साक्षीदार नाही. शब्दावर चालतं.

आनंदाने म्हाकूबाला पारावर गाठलं. पाच राती बसवायच्या, बदल्यात ज्वारी. म्हाकूबाने घासाघीस केली नाही. म्हणाला, ज्वारी मिळाली की सुनेचे बारा दिवस इथंच काढतो, बाळंतिणीला घेऊन कुठं हिंडू? आनंदा हो म्हणाला. त्याला लेकीची सोयरीक जमवायला बाहेरगावी जायचं होतं. जाता जाता खूण सांगितली, “ओढ्याच्या अलीकडची पट्टी. बांधावर बाभळ हाय ती.”

म्हाकूबा ओढा ओलांडून तळावर गेला. बिरूला निरोप दिला – तोच, जसाच्या तसा. “ओढ्याच्या अलीकडची पट्टी, बांधावर बाभळ हाय ती.”

कळलं का काय झालं? आनंदा बोलला गावात उभा राहून. बिरूने ऐकलं तळावर उभं राहून. शब्द तोच, पाय बदलले. अलीकडचं ते पलीकडचं झालं. यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. घरोघरी असंच होतं. सासू माजघरातून म्हणते ‘इकडचं आण’, सून अंगणातलं आणते, आणि दोघी दिवसभर बोलत नाहीत. बायका हसल्या, म्हणजे अनुभव आहे.

बिरूने मेंढरं बसवली ती केरबाच्या रानात. म्हातारा सुनेच्या काळजीत पालापाशीच, रान बघायला गेलाच नाही.

सकाळी केरबा रानात गेला, तर वाघर उभी, जमीन काळी झालेली. त्याला एका क्षणात उमगलं. आनंदाचा सौदा साऱ्या पाराने ऐकला होता, त्यात केरबाही होता. एक हाक मारायची होती – ‘अरे बिरू, चुकलास, तुझं रान पल्याड.’ एवढंच. ओढा दहा पावलांचा.

केरबा बाभळीमागे उभा राहिला. आणि गप्प राहिला.

त्याची सून शेवंता न्याहारी घेऊन आली होती, पाठीशी चार महिन्यांची पोर बांधलेली. घरात बाईमाणूस तीच. सासू नाही, नवरा साखर कारखान्यावर. तिने सासऱ्याला झाडामागे बघितलं. काय झालं विचारलं, तर केरबा हळूच म्हणाला, “बसत्यात तर बसू दे की. आपण कुठं बोलावलंय?” शेवंताने भाकरी खाली ठेवली आणि ती घरी आली. तीही गप्प राहिली. हे विसरू नका. गप्प राहणारी माणसं दोन होती.

दुसऱ्या दिवशी ठकू पालात बाळंत झाली. मुलगा. आणि मेंढरं बसतच राहिली. तिसरी रात, चौथी, पाचवी. केरबाने काय करावं? रोज सकाळी रानाला वळसा घालून दुसऱ्या वाटेने जायला लागला! ज्याला दिसलंच नाही, त्याला कोण विचारणार? आपण नाही का करत असं? ज्याचं आपल्याकडे काही राहिलंय, त्याच्या घरावरून जायचं सोडून देतो. म्हणतो, हल्ली वेळच मिळत नाही.

सहाव्या दिवशी आनंदा आला. बघतो तर त्याची पट्टी कोरडी. म्हाकूबाला बोलावलं. दोघे काठावर उभे राहिले, आणि म्हाताऱ्याला आपली चूक समोर पसरलेली दिसली, दहा पावलांवर, काळीभोर.

आनंदा वाईट माणूस नव्हता. बाळंतिणीसाठी म्हणून सूपभर ज्वारी त्याने दिली. पण रानात मेंढरं बसलीच नाहीत, बाकीची कशाबद्दल देणार? माझ्या रानात पाच राती आता बसवा, म्हणाला, ठरलेलं सगळं देतो. म्हाकूबाने नाही म्हणून मान हलवली. गायरानातला चारा संपला होता. अजून पाच राती म्हणजे मेंढरं मेली असती. धान्य असतं तर बिरूने कळप पुढे नेला असता आणि सुनेला घेऊन म्हातारा मागे राहिला असता. सूपभर ज्वारीवर दोन दिवस निघतात, बारा निघत नाहीत.

म्हणून म्हाकूबा पारावर केरबाकडे गेला. हात जोडले. चूक माझी, म्हणाला, पण खत तुमच्या रानात आहे. तुम्हाला वाटेल ते द्या.

केरबाने चार माणसांकडे बघितलं. माणूस एकटा असला की देवाचं ऐकतो, चार जण असले की तो चार जणांचं ऐकतो. म्हणाला, “म्या बोलावलं व्हतं का? उद्या ढग येऊन रानात पडला, तर त्याला बी ज्वारी मोजू का?”

पारावर हशा पिकला. म्हाकूबाने तो संपू दिला.

“ढगाला पोट नसतं, पाटील,” म्हणाला, आणि निघून गेला.

दुपारी केरबा जेवायला बसला. शेवंताने भाकरी वाढली, कालवण वाढलं आणि समोर बसून राहिली. सून सासऱ्यासमोर अशी बसायची नाही. केरबाने ओळखलं. तोच बोलायला लागला. म्हणाला, चूक त्यांची, तिला मी काय करू?

शेवंता खाली बघत म्हणाली, “आबा, पहिल्या राती चूक त्यांची. दुसऱ्या रातीपासनं आपली.”

मंडळी, कोर्टात वकील लोक या एका वाक्यासाठी वर्षं घेतात. शेवंता सातवी शिकलेली होती.

 केरबा हुशार माणूस, वाट शोधायला लागला. बरं, म्हणाला, मग चार रातींचं देऊ, पहिलीचं नको. शेवंताने विचारलं, पहिल्या रातीचं खत रानातनं उठून गेलं का? केरबा चिडला. म्हणाला, मग काय माती खरवडून देऊ त्यांना? जे मुरलं ते मुरलं. परत करायला हातात काय आहे?

बघा. हाच तो प्रश्न. मीही याच ठिकाणी अडले होते.

शेवंताची पोर झोळीत कुरकुरली. तिने एका हाताने झोका दिला. “त्यांनी खत न्हाय ठेवलं आपल्या रानात, आबा. बाळंतिणीचे बारा दिवस ठेवले व्हते. म्या बी बघितलं आन् गप बसले. माझे बारा दिवस झाले त्या खोलीत, उबेला. तिचे आपल्याकडं हायेत.”

 केरबा ताटावरून उठला तो गाडी जुंपायलाच. कणगीतून ज्वारी काढली. ठरलेली सगळी. मापावर हात फिरवून सपाट केली नाही, वरची शीग तशीच ठेवली.

सासरा-सून तळावर पोचले, तर तळ उठलेला. चुलीचे तीन दगड, थोडी राख, आणि पाल होतं तिथं पिवळं पडलेलं गवत. मी खोटं सांगणार नाही, केरबाला आधी बरंच वाटलं. गेले, सुटलो. देवाने सोडवलं. देवाच्या नावावर आपण काय काय खपवतो! त्याने बैल वळवायला कासरा ओढलाही.

शेवंता गाडीतून उतरली. पोरीला पाठीशी बांधलं आणि मेंढरांच्या खुरांच्या मागावर चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही. केरबाने ओढलेला कासरा सैल सोडला. मग गाडी तिच्यामागे घेतली.

कलत्या उन्हात माळावर कळप दिसला. मागे घोडं, घोड्यावर सामान, आणि सामानाशेजारी ठकू चालत होती. हो, चालत. पाचवा दिवस. लेकरू छातीशी फडक्यात गुंडाळलेलं.

केरबाने गाडी थांबवून विचारलं, “बरं हाय न्हवं, पोरी?”

“बरं हाय,” ठकू म्हणाली.

केरबाला तेवढं पुरलं असतं. मलाही पुरलं असतं. पण शेवंता जवळ गेली. तिने ठकूचे ओठ बघितले, सालटं सुटलेले. फडकं बाजूला केलं. लेकरू रडत नव्हतं. मंडळी, ज्यांनी लेकरं वाढवलीत त्यांना ठाऊक आहे – रडणाऱ्या लेकराची काळजी नसते. न रडणाऱ्याची असते. शेवंताने काही विचारलं नाही. बाभळीच्या सावलीला बसली, ठकूचं लेकरू घेतलं आणि पदराआड केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ते ओढायला लागलं. ठकू शेजारी बसली आणि तिथंच, बसल्या जागी, झोपली.

तिकडे म्हाकूबा गाडीसमोर उभा होता. पोतं बघितलं. म्हणाला, पाटील, धर्माचं नको. आम्ही मागून खात नाही.

पारावर चौघांना हसवणारा केरबा.  त्याने पागोटं काढलं, पुन्हा घातलं.

“धर्माचं न्हाय, म्हाकूबा. तुमचंच हाय. माझ्या रानात राहिलं व्हतं.”

बस. एवढं म्हणायला त्याला सहा दिवस आणि चार कोस लागले. बिरू कळप घेऊन पुढे गेला. ठकू गाडीत झोपूनच परत आली, म्हातारा गाडीमागे चालत. शेवंताच्या खोलीत, त्याच उबेला, तिचे उरलेले दिवस झाले. बाराव्या दिवशी बारसं झालं ते केरबाच्या ओसरीवर. पाळण्याची दोरी आनंदाच्या बायकोने ओढली. आणि केरबा? ओसरीच्या कोपऱ्यात बसून शेवंताच्या पोरीला खेळवत होता. कुणाशी डोळा मिळवत नव्हता, पण उठूनही गेला नाही.

आता आपल्याकडे येऊ. खत मातीतून परत निघत नाही. खाल्लेलं निघत नाही. कुणाच्या श्रमाने उभं राहिलेलं आपलं घर, कुणी न सांगता सांभाळलेली आपली म्हातारी, कुणाच्या चुकीने आपल्या पोराला मिळालेली जागा – यातलं काही उचलून परत देता येत नाही. म्हणून आपण म्हणतो, जाऊ द्या. देव म्हणतो, तू काय घेतलंस ते मी विचारत नाही. त्या माणसाने ते कशासाठी ठेवलं होतं, तेवढं शोध. ते परत कर. आणि शोधायचं असेल तर त्याच्या दाराशी जावं लागतं, दुसरा रस्ता नाही.

आत्ता तुमच्या डोळ्यासमोर एक माणूस आला असेल. मी नाव विचारत नाही. आला, मला चेहऱ्यांवर दिसतोय. त्या तिसऱ्या ओळीतल्या बाईंनी तर मान खाली घातली. ज्याच्या घरावरून जायचं तुम्ही सोडून दिलंय, तोच तो माणूस. किंवा ती.

आज प्रसाद घ्यायला रांगेत थांबू नका, मी ठेवून देईन. आधी तिच्या घरी जा. दार वाजवा, बरी आहेस का विचारा. ती ‘बरं आहे’ म्हणेल. सगळ्याच म्हणतात. तेवढ्यावर मागे फिरू नका. आत जा, चूल बघा, आणि घरात लेकरू असलं तर ते रडतंय ना, तेवढं ऐकून या.