मी मोजतो हो, पाडत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "काय हो, हे काय चालवलंय तुम्ही?" आता तुम्हीच सांगा, हे मी चालवलंय? सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, संध्याकाळी छत्री, आणि मधल्या वेळात एवढी धूळ की नाकावरचा चष्मा माणसाला चाचपून शोधावा लागतो... हे सगळं मी चालवलंय? शेजारचे दाताचे डॉक्टर, चांगला शिकला-सवरलेला माणूस, कुंपणावरून मान काढून मला म्हणतात, "काल गारांनी माझ्या गाडीला पोचे पाडले, आणि तुम्ही आदल्या दिवशी काही बोलला नाहीत!" जसं काही गारांनी निघताना मला फोन केला होता. इस्त्रीवाला म्हणतो, "साहेब, एक दोन दिवस ऊन ठेवा ना." ठेवा! माझ्या कपाटात घडी करून ठेवलंय का ऊन? अरे बाबांनो, मी मोजतो हो, पाडत नाही!

तुम्हाला सांगतो, चूक झाली ती परसात तो पसारा मांडला तिथेच. लोकांना कसले कसले नाद असतात. कुणी तिकिटं जमवतं, कुणी पत्ते कुटतं. मी काय केलं, तर परसात एका खांबावर झडपांची पांढरी पेटी लावली, आत थर्मामीटर. शेजारी एक पत्र्याचा कोंबडा, वारा फिरेल तसा फिरणारा. आणि सगळ्यात मोकळ्या जागेत, भिंतीपासून लांब, झाडापासून लांब, पाऊस मोजायचं भांडं. भांडं म्हणजे काय, एक नळकांडं आणि त्याच्या तोंडाला नरसाळं. पडेल तो पाऊस आत साठतो, सकाळी उठून किती मिलिमीटर ते बघायचं, ओतून द्यायचं, विषय संपला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण नाही! पोस्टमन त्या पेटीत पत्रं टाकून जातो. पाहुण्यांची पोरं कोंबड्याला दगड मारतात. आणि आमच्या हिचं म्हणणं, "कपडे वाळत घालायला परसात उन्हाची अशी एकच जागा, आणि नेमकं तिथेच तुमचं ते नळकांडं!" बरं, बायकोचं ऐकून घ्यायचं असतं, ते घेतलं. पण जो मोजतो त्याला उद्याचं कळतं, ही समजूत लोकांची झाली कुठून? शिंपी तुमच्या कमरेचं माप घेतो, म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही किती सुटणार हे त्याला ठाऊक असतं का?

एरवी माझं निभावून जातं हो. उन्हाळ्यात उद्या गरम होईल म्हणावं, होतं. थंडीत उद्या गारठा म्हणावं, पडतो. पण हा वसंत! कवींना फार आवडतो म्हणे. आवडणारच, त्यांना मोजायचा नसतो. धरलं तर चावतो, सोडलं तर पळतो, असा ऋतू. काल दुपारी थर्मामीटर बघून हिला म्हटलं, आता रजया धुऊन माळ्यावर टाक. टाकल्या. रात्री दोघं टॉवेल पांघरून झोपलो. सकाळी ही फक्त एवढंच म्हणाली, "चांगलं मोजलंत."

आणि गेल्या वर्षी अशाच वसंतात आमच्या चिमणीने लग्न काढलं. चिमणी म्हणजे आमची एकुलती एक लेक. वकिली करते, भल्याभल्यांना उभं-आडवं सोलते, पण घरात चिमणीच. सकाळी लग्न नोंदवायच्या कचेरीत जाऊन सह्या करायच्या आणि दुपारी आमच्या परसात जेवण, दोन्हीकडची मिळून साठेक माणसं. दागिने नकोत म्हणाली, हॉल नको म्हणाली, मागितलं ते एकच. "मला जेवताना डोक्यावर आभाळ हवं. मांडव नको." तिची आई म्हणाली, "आणि पाऊस आला म्हणजे?" तर ही शांतपणे माझ्याकडे वळली. "बाबा सांगेल तसं."

बाबा सांगेल तसं! साऱ्या जगाला ठणकावून सांगत आलो, मी मोजतो हो, पाडत नाही, पण पोटच्या पोरीला हे कुठल्या तोंडाने सांगणार? तिने बिचारीने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे हट्ट धरला, आणि तोही नेमका माझ्या खात्यातला. लग्नाच्या आदल्या दिवशी आत भिंतीवरचा बॅरोमीटर, हवेचा दाब दाखवणारा, बघतो तर तो खाली खाली चाललेला, म्हणजे पावसाचंच लक्षण. आणि कोंबडा, जिकडून आमच्याकडे पाऊस येतो तिकडे तोंड करून गप्प उभा. खूप घोळवलं मनात. भिजलेलं लग्न डोळ्यांपुढे आलं. शेवटी म्हणालो, "मांडव घालू."

चिमणी "बरं" म्हणाली. बस. तुम्हाला सांगतो, मुलगी भांडलेली परवडते, तिचं हे "बरं" परवडत नाही.

आणि लग्नाचा दिवस उजाडला तो कसा? निळाभोर! ढग म्हणाल तर औषधाला नाही! सह्या झाल्या, मंडळी घरी आली, आणि साठ माणसं त्या पिवळ्या ताडपत्रीखाली अशी उकडून निघाली म्हणून सांगू... माझा मेहुणा, हा दर लग्नात असतोच एक, मोबाईल नाचवत आला. "दाजी, मोबाईल म्हणतोय दिवसभर लख्ख ऊन. तुमचा कोंबडा काय म्हणतो?" खो खो हसले सगळे. आमचे व्याही सज्जन माणूस, रुमालाने वारा घेत म्हणाले, "असू दे, असू दे, सावली कशी छान आहे." सज्जन माणसाने समजूत काढली की अपमान दुप्पट लागतो हो. तेवढ्यात ही कानाशी येऊन पुटपुटली, "पोरीची एवढी एक हौस, तीही तुमच्या मोजमापापायी गेली." तिकडे चिमणी नवऱ्याशेजारी बसली होती, मान वर करून. वर काय, तर ताडपत्री! स्वतःच्या लग्नात ताडपत्रीकडे बघत बसली होती माझी लेक, आणि मला फार वाईट वाटलं.

आत जाऊन पुन्हा बॅरोमीटर बघितला. खालीच. बाहेर येऊन आभाळ बघितलं. लख्ख. इकडे आड तिकडे विहीर... ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात ना? मी उलटं केलं. मनाचं ऐकून घेतलं आणि केलं जनाचं. सरळ मांडववाल्याकडे गेलो आणि म्हटलं, "काढ." तो म्हणाला, "काका, ताटं वाढायला घेतलीत." म्हटलं, "काढ म्हणतो ना!" त्याने आभाळाकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तुम्ही त्यातले जाणकार. तुम्ही म्हणताय म्हणजे विचार करूनच म्हणत असणार." आणि लागले की हो त्याचे गडी दोऱ्या सोडायला.

ताडपत्री सरकली तशी चिमणीने वर बघितलं आणि हसली. तोंड भरून हसली हो... माझ्याकडे बघून. त्या एका हसण्यावरून मी माझा बॅरोमीटर, थर्मामीटर, कोंबडा, सगळं ओवाळून टाकलं. मंडळी "वा वा" म्हणाली. मेहुण्याने पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा आभाळाचं श्रेय मला मिळालं. मीही घेतलं! नाही म्हणवेना.

किती वेळ? दोन घास. तिसरा घास घेणार तोच व्याह्यांच्या ताटात टप्प. त्यांनी वर बघितलं तर चष्म्यावर टप्प. आणि मग कोसळला की हो, बादलीने ओतावा तसा! साठ माणसं, आमच्या तीन खोल्या. कुणाच्या हातात ताट, कुणाच्या हातात दुसऱ्याचं ताट, दाताचे डॉक्टर आमच्या न्हाणीघरात उभ्याने जेवतायत, मेहुणा भिजलेला मोबाईल काखेत पुसत ओरडतोय, "हा तर अजून ऊनच दाखवतोय!" आणि सगळ्यांचं बोट कुणाकडे? सांगायला नकोच. "एवढं हवामानातलं कळतं, आणि ऐन पावसात मांडव काढला?" "अहो, होता ना मांडव, यांनीच काढायला लावला!" मी आपला म्हणतोय, अहो, मी मोजतो हो... पण पुढचं कुणी ऐकून घेईल तर शपथ!

आणि चिमणी? ती आत आलीच नाही. नवऱ्याचा हात धरून भर पावसात उभी, नखशिखान्त भिजलेली, आणि हसतेय. आभाळ मागितलं होतं, ते सगळंच्या सगळं अंगावर आलं होतं. तिथून मला हाक मारते, "बाबा, किती झाला?"

तुम्हाला सांगतो, जगात सगळे मला विचारतात, का पडला. किती पडला हे विचारणारी ही एकटीच. म्हटलं, बाकी सगळं जाऊ दे, वसंतात असा पाऊस माझ्या उभ्या आयुष्यात झाला नव्हता, निदान तिला आकडा तरी देऊ. तसाच पावसात निघालो, चिखल तुडवत, नवे कपडे, नवे बूट...

भांडं पालथं!

पालथं, आणि उडू नये म्हणून वर वीट. मांडववाला मागून धावत आला, भिजून चिंब, पण चेहऱ्यावर केवढं समाधान. "काका, घाबरू नका. ताडपत्री काढली तेव्हाच तुमचं भांडं मी पालथं घातलं. म्हटलं, वर आता उघडं पडणार, उगाच पाणीबिणी जायचं. बघा, आत थेंब गेला नाही!"

माणसाने आपलेपणाने केलेलं. म्हटलं, "फार चांगलं केलंस बाबा."

वळलो तर चिमणी वाट बघतेय. "सांग ना बाबा, किती?"

"बेचाळीस," मी म्हणालो.

"बेचाळीस!" नवऱ्याच्या दंडाला धरून, केवढ्या अभिमानाने सांगते त्याला, "बघितलंस? आमचा बाबा कधी अंदाजपंचे बोलत नाही."

तेव्हापासून वसंताला नावं ठेवायची माझी सोयच राहिली नाही हो. त्याच्यावर भरवसा नव्हताच, आता माझ्यावरही नाही.