माप तेच, आकडा वेगळा

पोरांनो, कल्पना करा: आपण टायरच्या दुकानात बाकावर बसलोय. समोर टायरवाले काका, एक बाबा आणि त्यांची लेक.

“हेच उन्हाळी टायर बसवा, काका. वळणावर गाडी कशी चिकटून राहील!”

“पकड झकास आहे, साहेब. पण तुमची गाडी विजेची, बॅटरीमुळे जड. हे टायर तेवढं वजन पेलणार नाहीत.”

“अहो, माप तर तेच आहे!”

“मापाच्या पुढचा आकडा वाचा. तो वजनाचा.”

“बाबा, आपल्या जुन्या टायरवर नव्व्याण्णव आहे. यावर एक्क्याण्णवच.”

“आठानं काय आभाळ कोसळतंय? उद्या आजीला घेऊन घाट चढायचाय.”

“आठ आकडे म्हणजे एका टायरमागे दीडशे किलोंहून जास्त फरक, साहेब. त्यात आजी बसणार? मग तर मी हे मुळीच बसवणार नाही.”

लेक उठली, उन्हाळी टायरांवरचे आकडे वाचत सुटली आणि नव्व्याण्णव सापडताच त्याच थप्पीवर मांडी ठोकून बसली.