‘कुठे थांबलीस?’ असं विचारणाऱ्या बाई

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती ग्रंथपालबाई, शिक्षकवृंद, पालकहो, आणि जिच्या परवानगीनेच मी पुढचं सगळं सांगणार आहे ती चौथ्या रांगेत बसलेली माझी मुलगी,

प्रारंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या मनोगताला चार मिनिटं आहेत आणि चहाला वीस. या शाळेच्या ग्रंथालयासाठी चहाने असं काय केलं आहे, हे संयोजकांनी मला सवडीने सांगावं. असो. पेशाने वार्ताहर असल्यामुळे कात्री लागण्याची सवय आहे.

तीन वर्षांपूर्वी शाळेत वाचनपातळीची पद्धत आली, हे आपल्याला आठवत असेल. संगणक शब्दांची आणि वाक्यांची लांबी मोजून पुस्तकाला आकडा देतो. वीस मिनिटांची चाचणी घेऊन मुलांनाही आकडा देतो. मग आकड्याला आकडा जुळवायचा, बुटाला पाय जुळवावा तसा.

बाईंनी या यंत्राला कधी नावं ठेवली नाहीत. फक्त एकदा माझी एक बातमी त्यात घालून पाहिली. जलवाहिनी फुटल्याची साधी बातमी. पण लहानपणी संस्कृत घोकल्यामुळे समास दिसला की मला मोह आवरत नाही. बातमी कायद्याच्या पुस्तकाच्याही वरच्या पातळीची निघाली. मी मनातून सुखावलो. बाई म्हणाल्या, “अहो, पाइप फुटला, एवढंच म्हणायचं होतं ना?”

त्याच वर्षी माझ्या मुलीचा आकडा आला. दोन. इयत्ता पाचवी. ती तेव्हा देवमाशांवरचं एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, पातळी सहा. मी पडलो सुशिक्षित बाप. ते पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं आणि दोन नंबरची पातळ, चित्रांची पुस्तकं समोर ठेवली. “आधी ही वाच, मग बघू.”

तिने ती वाचली नाहीत. पुढे दोन महिने तिने काहीच वाचलं नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा आईपुढे धरायची आणि म्हणायची, “तू वाच. माझी पातळी दोन आहे ना.”

शेवटी ते पुस्तक परत करायला मी ग्रंथालयात गेलो, तर बाईंनी मला समोर बसवून घेतलं आणि एक वही काढली. पुस्तक अर्धवट परत करणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या एकच प्रश्न विचारत: “कुठे थांबलास?” आणि पान लिहून ठेवत. मुलाचं नाव नाही, नुसतं पान. देवमाशांच्या पुस्तकापुढे चौदा नोंदी होत्या. त्यातल्या अकरा एकोणचाळिसाव्या पानाच्या.

“आता तुम्हीच सांगा,” बाई म्हणाल्या, “अकरा मुलं कच्ची, की हे पान कच्चं?”

मी ते पान दोनदा वाचलं. अध्यक्ष महोदया, भर सभेत कबूल करतो, मलाही ते कळलं नाही.

“उद्या तिला पाठवा. तुम्ही येऊ नका.”

मुलगी गेली. कुठे थांबलीस? “बत्तीसवर. बाबांनी घेतलं म्हणून.” बाईंनी शांतपणे लिहिलं: ‘३२. वडील.’ त्या वहीत कारणासकट केलेली ती एकमेव नोंद आहे. मी ती पाहिली आहे. मग पुस्तक तिच्या हाती देऊन त्या म्हणाल्या, “एकोणचाळीस आलं की माझ्याकडे ये. ते पान दोघी मिळून वाचू.” महिन्याभरात पुस्तक संपलं. आता ती आठवीत आहे आणि जेवताना पुस्तक मिटावं म्हणून आम्हाला रोज विनवण्या कराव्या लागतात.

बाई, या घराने तुमचे उपकार कोणत्या शब्दांत मानावेत? समास तर तुम्ही मला बंदच केले आहेत. साध्या शब्दांत सांगतो: आमची मुलगी तुम्ही आम्हाला परत दिलीत. संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

यंत्राची मला चिंता नाही. ते सांगितलेलं मोजतं. पण पुढच्या वर्षी मुलगी मोठ्या शाळेत जाईल आणि तिथूनही कसला तरी आकडा घरी येईल. तो पाहून मी पुन्हा तिच्या हातातून काहीतरी काढून घेईन आणि तेव्हा मला समोर बसवून घेणारं कुणी नसेल, याची मला खरोखर भीती वाटते.