काकांनी निवडून दिलेला लाइट

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आपल्याला सोडून मोठ्या शहरात फोटोग्राफी शिकवायला निघालेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आणि एरवी कॅमेऱ्यामागे उभे राहणारे, आज नाइलाजानं खुर्चीत बसलेले माझे व्यवसायबंधू आणि भगिनी,

मला गौरवाचे चार शब्द बोलायला सांगितलंय. अध्यक्षांनी ते चिठ्ठीवर लिहूनही दिलेत. पण आत्ताच सत्कारमूर्ती म्हणाल्या, "माझा पहिला लाइट काकांनी निवडून दिला, म्हणून मी इथवर आले." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. आता ती चिठ्ठी वाचायला जीभ रेटत नाही.

सहा वर्षांपूर्वी ही मुलगी, माफ करा, या बाई माझ्या स्टुडिओत आल्या. हातातल्या कागदावर दोन फ्लॅशची नावं. "काका, दोन्ही मला परवडण्यातले आहेत आणि वॉटही सारखेच आहेत. कुठला घेऊ?" नव्या माणसाला खोक्यावरचे वॉट तेवढे दिसतात. आपण तरी काय वेगळं केलं होतं? मी म्हटलं, आधी काम दाखव. तिनं खिडकीला पांढरी चादर लावून काढलेले फोटो पुढे ठेवले. त्यात इस्त्री करणाऱ्या शेजारणीचा एक होता. तो बघितला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. पंचवीस वर्षं धंद्यात असून तसा एक फोटो माझ्या हातून झाला नव्हता.

त्या दोनांतला स्वस्त फ्लॅश मी स्वतः वापरून पस्तावलो होतो. प्रकाश चांगला, पण एकदा उडाला की पुन्हा भरायला पाच सेकंद घ्यायचा. समोरचं मूल हसतं, रडतं, उठून पळूनही जातं, आणि हा आपला भरतोच आहे! दुसरा सेकंदात तयार व्हायचा. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "वॉट सारखे, मग उगाच जास्त कशाला घालवतेस? स्वस्तातला घे." तोंडभर आभार मानून गेली हो ही!

मला वाटलं, चार महिन्यांत गाशा गुंडाळेल. झालं भलतंच. फ्लॅश भरेपर्यंत ही समोरच्याशी गप्पा मारायला लागली. माणसं सैलावायची, आणि मग ही बटण दाबायची. माझी ठरलेली गिऱ्हाईकं, शाळेचे मुख्याध्यापक, गावातले दोन्ही डॉक्टर, तिच्याकडे जायला लागली. मी जळायचो, लपवू कशाला? तिच्या दाराबाहेरच्या चपला मी जाता-येता मोजायचो.

आणि गेल्या वर्षी आमच्या घरच्या बाई मला न सांगता तिच्याकडे फोटो काढून आल्या. त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात. बघा, आता मान खाली घातलीय. तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लागलाय. एकतीस वर्षांत मी बायकोचे शेकड्यांनी फोटो काढले असतील, पण तो चेहरा मला एकदाही मिळाला नाही. मी रागारागानं विचारलं, "अशी काय जादू केली तिनं?"

"काही नाही हो. लाइट भरेपर्यंत म्हणाली, काकू, दमलात का?"

"मग?"

"मग काय? मी हो म्हटलं."

मित्रहो, माझा फ्लॅश सेकंदात तयार होतो. मी तिला आजवर "हनुवटी वर घे" एवढंच सांगत आलो.

तेव्हा पोरी, मगाशी गुरू म्हणून दिलेला हा गुच्छ परत घे. तुझं पाऊल चुकावं म्हणूनच मी तो लाइट सुचवला होता. तू निघालीस हे कळल्यावर मला हायसं वाटलं होतं, तेही सांगून टाकतो. जळणं अजून थांबलेलं नाही. पण खोट्या मानानं तुला निरोप देणं मला जमेना.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी माईक काढून घेतला नाही, सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहानं मोठ्या मनानं सोडून द्यावं. त्या सल्ल्याचं काय करायचं ते मात्र हिनं ठरवावं.

अध्यक्षांची परवानगी असेल तर मी व्यासपीठावर परत बसत नाही, खाली तिसऱ्या रांगेत जातो. कार्यक्रम बराच लांबलाय. आमच्या बाई दमल्या असतील, विचारून बघतो.