माळावरच्या वस्तीत लग्न

मंडळी, ऐका. आज एवढंच विचारतो – गाव सोडणं अवघड, की आपल्या आत बसलेलं गाव सोडणं? लगेच माना हलवू नका. उत्तर मलाही येत नाही. फेटा बांधलाय म्हणून तुम्हाला वाटतं, महाराजांना येत असेल.

खैरवाडीत तुळशीराम मास्तर राहायचे. एकदा गावजेवणात कोंडाबाई नावाच्या विधवेला जातीवरून पंगतीतून उठवलं. मास्तरही ताटावरून उठले. बायको-मुलीला घेऊन थेट माळावरच्या रानात राहायला गेले. मागोमाग कोंडाबाई आली, नवऱ्यांनी टाकलेल्या दोघी आल्या, लहू पाथरवट आला. नियम ठरला – चूल एक, जात विचारायची नाही.

आणि पहिल्याच आठवड्यात भांडण! भांडी कोणी घासायची? मास्तर म्हणाले, "मी विचार करतो." त्यांची बायको यमुनाबाई म्हणाली, "घासता घासता करा." आम्हा कीर्तनकारांच्या बायकाही अगदी हेच म्हणतात.

गावाने पाणी तोडलं. लहूने कातळ फोडून विहीर काढली. पाणी लागलं तेव्हा मास्तरांनी त्याला मिठी मारली. "तू माझा मुलगाच रे."

दोन वर्षांनी लेक कुसुम म्हणाली, "आप्पा, मी लहूशी लग्न करणार."

मास्तर हळूच म्हणाले – "अगं, पण लोक काय म्हणतील?"

यमुनाबाई भाकरी थापत होती. "कोणते लोक? सगळ्यांनी तर आपल्याला वाळीत टाकलंय."

मास्तर विहिरीवर जाऊन बसले. लहू पाण्याला आला, तेव्हा म्हणाले, "मुलगा म्हणताना सोपं गेलं रे. जावई म्हणायला जीभ अडते."

लहू म्हणाला, "कातळही एका दिवसात फुटला नव्हता, मास्तर. मी थांबतो."

त्या 'थांबतो'ने मास्तरांची मान खाली गेली.

माघात लग्न लागलं. भटजी आला नाही. मंगलाष्टकं कोंडाबाईने म्हटली – विधवेने, मंडळी. आवाज माझ्यापेक्षा बरा असणार. तसा असायला फार काही लागत नाही. अंतरपाट मास्तरांनी धरला. गाव बांधावर उभं राहून बघत होतं. मास्तरांचं गाव सुटलं ते त्या दिवशी.

हसलात ना? आता घरी जेवताना विचारा – उद्या आपल्या लेकीने असं एखादं नाव घेतलं, तर आपले 'लोक' कोण निघतील?

माझ्याही घरी लग्नाची लेक आहे. म्हणून हे आख्यान मी परगावीच लावायचो. आज ती इथेच, बायकांत बसली आहे. तुम्ही सगळे हसलात. ती हसली नाही.