प्राचीची पहिली किक

मानकोलीला आमच्या ताईकडे काय झालं, ऐका. ताईची मुलगी प्राची फुटबॉल खेळते. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिने बॉलला पाय लावला नव्हता. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी घाबरायची. म्हणून मी तिला स्मार्ट बॉल नेऊन दिला. त्याच्या आत सेन्सर असतो, आपण किती जोरात किक मारली ते मोबाईलच्या ॲपमध्ये दिसतं.

ताईच्या घराजवळच्या एका गोदामामागच्या मोकळ्या जागेत आम्ही ॲप चालू केलं, बॉल फोनला जोडला. ॲपने सांगितलं, आता एक जोरदार किक मारा. प्राची नुसती उभी.

"मामा, न्हाय जमणार."

ताईने पदर खोचला. "सरक, मी मारते!"

मारली, पण बॉलपेक्षा चप्पलच लांब उडाली. प्राची हसत सुटली, आणि हसता हसता तिने ऑपरेशनच्या पायानेच बॉलला किक मारली.

मी स्क्रीन बघितली. "ताई, ॲप सांगतंय, किक फार हळू हाय."

ताईचे डोळे भरले होते. म्हणाली, "हळू? त्या मोबाईलला काय ठावं! या पायाने पोरीला जिना चढता येत नव्हता."